कर्ता गाळला तरी चालतो

सोलापुरात मार्चमध्येच पारा चाळिशीला टेकतो. अशा दुपारी पंख्याखाली चादर अंथरून पडलेल्या माणसाला कुणी ‘पप्पा, ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करून द्या की’ म्हणू नये. पण लेकीची दहावी. उठलो.

“सोपंय. कर्म उचलून पुढं आणायचं, क्रियापदाचं तिसरं रूप लावायचं, कर्ता ‘बाय’ लावून शेवटी. तेवढा ‘आय’चा ‘मी’ होतो.”

“आय आय कशाला वरडतोस? हितंच हाय की मी!” आतून आई.

ताटातलंच उदाहरण घेतलं. आय ॲम ईटिंग कडक भाकरी. लेकीनं लिहिलं, कडक भाकरी इज ईटन बाय मी.

“‘बीइंग’ कुठाय? खाणं चालूय ना? इज बीइंग ईटन.”

तिनं भाकरीचा तुकडा कडकन मोडला आणि त्याच्याकडं बघत बसली. “भाकरी तर गप पडलीय. मग बीइंग कोण करतंय?”

“नियम आहे,” मी म्हणालो. उत्तर येत नसलं की माझा आवाज मास्तरांचा होतो.

पुढचं वाक्य होतं, ही स्लीप्स. झोपेला कर्म नाही, त्यामुळं पॅसिव्हही नाही. झोपलेल्याला व्याकरणसुद्धा उठवत नाही. आमच्या घरात उठवतात.

इथंच थांबायला हवं होतं. पण मराठीतून समजावायची हौस. शेंगाचटणीची काचेची बरणी हातात घेतली. “बघ. मी बरणी फोडली, मी डबा फोडला, मी मडकं फोडलं. मी तोच, पण क्रियापद ऐकतंय वस्तूचं. हा कर्मणी प्रयोग.”

“म्हणजे पॅसिव्ह?”

“तसं नाही. मी जागचा हललेलो नाही. फक्त क्रियापद माझं ऐकत नाही.”

“ह्या घरात कोण ऐकतंय तुझं?” पुन्हा आई.

मी तिकडं वळलो आणि तेलकट बरणी सटकली. शहाबादी फरशीवर काचा, चादरीवर लालभडक चटणी.

“बरणी फुटली,” मी म्हणालो.

“कर्ता कुठाय?”

“मराठीत लागत नाही. इंग्रजीतही पॅसिव्हमध्ये गाळता येतो. माहीत नसेल किंवा सांगायची गरज नसेल तर.”

सबंध दुपारीत हा एकच नियम तिला पहिल्या फटक्यात कळला.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. नवी पेठेतून बायको आली. तिनं फरशी बघितली, चादर बघितली.

“द जार हॅज बीन ब्रोकन,” लेक म्हणाली. काळसुद्धा बरोबर.

बायकोनं पिशवी खाली ठेवली.

“बाय?”

“मी.”