नारळ उभा करतो तो तळहात, जमिनीतलं पाणी नव्हे

बोअर पाडायचे दिवस आले की गावोगावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतो. पाणाड्या, म्हणजे जमिनीतलं पाणी शोधून देणारा, वावरातून चालतो आणि तळहातावरचा आडवा नारळ उभा होतो. खाली मजकूर: 'ही अंधश्रद्धा नाही. चुंबक न शिवता खिळा ओढतो, तसं जमिनीतलं पाणी नारळ ओढतं. यालाच असंपर्क बल म्हणतात.'

असंपर्क बलं शाळेत शिकवतात ती तीन. चुंबकीय बल इथे लागूच नाही: नारळात लोखंड नसतं, आणि पाणी चुंबकापासून उलट किंचित दूर सरतं.

गुरुत्व बल मात्र आहे. १०० फुटांवर १ लाख लिटर पाणी एका जागी आहे असं धरा. ६०० ग्रॅमच्या नारळावर त्याची ओढ भरते साधारण ०.००००००००४४ न्यूटन. नारळाचं स्वतःचं वजन सुमारे ६ न्यूटन, त्या ओढीच्या १३० कोटी पट! शिवाय ही ओढ खाली असते. नारळ उभा होताना त्याचा गुरुत्वमध्य वर जातो. पाणी ओढत असतं तर नारळ आडवाच राहिला असता.

तिसरं स्थितिक विद्युत बल. केसांवर घासलेला कंगवा नळाची बारीक धार वळवतो, हे खरं. पण तिथे कंगव्यावर प्रभार असतो आणि अंतर बोटभर. ओल्या मातीतून प्रभार वाहून जातो, साठत नाही.

मग नारळ उठतो कशाने? तळहाताचा रेटा आणि घर्षण, दोन्ही संपर्क बलं. काही पाणाडे नारळाऐवजी बेचक्याची फांदी धरतात, तिचंही तेच. टोकं बाहेर ताणून धरली की ती धनुष्यासारखी ताठते, मनगट जरा फिरलं की झपकन वळते. पाणाड्या फसवतोच असं नाही. हात नकळत हलतो.

खात्री करायची तर चालू बोअरशेजारी लाकडी पाट ठेवा आणि त्यावर नारळ आडवा ठेवा. असंपर्क बलाला हाताची गरज नसते. नारळ तसाच पडून राहील.

'पण पाणी लागतं ना?' लागतं, कारण काळ्या पाषाणावरच्या मुरमात आणि भेगांत बऱ्याच ठिकाणी थोडंफार पाणी असतंच. विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातही लागतं, पण खारं. आणि ते नारळ सांगत नाही. भूजल सर्वेक्षणाचं प्रतिरोध मापक यंत्र, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते मोजणारं यंत्र, तेसुद्धा दुरून काम करत नाही. चार सळया एका रेषेत जमिनीत ठोकतात, बाहेरच्या दोहोंतून वीज सोडतात, आतल्या दोहोंत व्होल्टेज मोजतात. माती कोरडी असली तर सळईच्या बुडाशी पाणी ओततात, नाहीतर आकडा चुकतो.