रिद्धपूर राहिलं की!

ताई, तुमच्या लेखात पुस्तकांचं गाव म्हणून भिलार वाचलं, आनंद झाला. पण आमच्या मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर सुटलं, याची हुरहुर लागली. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' लिहिलं ते इथंच. मराठीतला आद्य गद्यग्रंथ, आणि त्यात साधं रोजचं जगणं! महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी कुठं उतरले, काय जेवले, कोण काय बोललं, सगळं बारीकसारीक टिपलेलं. पुढे या पंथाच्या लोकांनी पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. बाहेरच्यांना त्या शेकडो वर्षं वाचताच येत नव्हत्या. २०२४ पासून गावात मराठी भाषा विद्यापीठही आहे. ताई, संत्र्याला आंबिया बहार फुटला, म्हणजे फुलं आली, की या. बागांचा वास घेत गाव दाखवतो, आणि पुढचा लेख यावरच लिहा.