पी हळद आणि हो पहिला

हरिपूरच्या हळदीच्या पेवांत २००५ च्या महापुराचं पाणी शिरलं, तेव्हापासून सांगलीत पेव फुटतं ते फक्त एसइओवाल्यांचं, म्हणजे गूगलवर तुमचं दुकान वर आणून देतो म्हणणाऱ्यांचं. विश्रामबागेतल्या कुठल्याही इमारतीचा जिना चढा. पहिल्या मजल्यावर क्लास, दुसऱ्यावर दातांचा दवाखाना, तिसऱ्यावर 'डिजिटल सोल्युशन्स'. तुमचं हळदीचं, बेदाण्याचं नाहीतर भडंगाचं दुकान असेल आणि अजून तुम्ही तो तिसरा मजला गाठला नसेल, तर माझं ऐका. मी जाऊन आलोय.

वर जाताना एक सवय तेवढी खाली चपलांपाशी काढून ठेवा. मार्केट यार्डात सौद्याला तुम्ही हळकुंड मोडून आतला रंग बघता, वास घेता, पोत्याच्या तळातला माल वर काढायला लावता, आणि क्विंटलमागं पन्नास रुपयांसाठी अर्धा दिवस घालवता. इथं तसलं काही करायचं नाही. समोरचा मुलगा म्हणेल, "सर, तीन महिन्यांत फर्स्ट पेज, गॅरंटी." तुम्ही म्हणायचं, "काय लागंल ते लागू दे, पयला नंबर पायजे." पहिल्या नंबराची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलनं लिहून ठेवलंय म्हणे. पण ती कंपनी १९९८ ची, म्हणजे आमच्या महापालिकेच्याच वयाची. एवढ्याशा पोराला बाजार काय कळणार!

आणि गॅरंटी पाळली जाते, बरं का. महिन्याभरानं मुलगा येतो, तुमच्या डोळ्यांदेखत मोबाइलवर तुमच्याच दुकानाचं नाव टाकून पुढं 'सांगली' लिहितो. आलात की नकाशासकट सगळ्यात वर! तुमच्या आजोबांच्या नावाचं दुसरं दुकान पृथ्वीच्या पाठीवर नाही, हे त्या क्षणी आठवू नये. 'सांगली हळद किलोचा दर' असं टाकून बघायचा मोह होईल, तोही आवरा. अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायचं ठरलं असताना उरलेलं अर्धं मागणं शोभत नाही.

आता मजकूर. गूगलचं यंत्र गावोगावच्या साइटी फिरून पानं वाचतं, त्यांची नोंद करून ठेवतं, आणि कुणी काही विचारलं की त्या नोंदींतून काढून पुढं करतं. तेव्हा पानावर असं वाक्य हवं: 'आमच्या सांगली हळद दुकानात सांगलीची हळद, उत्तम सांगली हळद, सांगली हळद पावडर व सांगली हळद मिळेल.' एवढ्यानं मन भरलं नाही, तर आणखी शंभर वेळा हळद लिहा, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. गूगलला दिसते, आणि तो तिला लबाडी समजून पान खाली ढकलतो. पण कुणाच्या तरी नजरेत भरली, हे काय कमी आहे? शिवाय पानामागच्या कोडात शोधायचे शब्द भरायला मेटा कीवर्ड नावाचा एक रकाना असतो. क्रमवारी लावताना आम्ही तो बघतच नाही, असं गूगलनं सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलंय. माझ्या बिलात मात्र त्याची वेगळी ओळ होती. कुणी बघत नसलेली जागा भरायला कष्ट जास्त पडत असणार.

मग लेख हवेत. माझ्या साइटवर साठ आहेत, सगळे एआयनं एका दुपारी लिहिलेले. पहिल्याचं नाव 'हळद म्हणजे काय?' सांगलीत राहून! 'हळद ही आल्याच्या कुळातील वनस्पती असून तिचा रंग पिवळा असतो' अशी सुरुवात. आईला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "हे कुणासाठी लिवलंय?" म्हटलं, गूगलसाठी. "त्याला किती किलो पायजे?"

मला उत्तर सुचलं नाही. कारण साठ लेखांत किलोचा दरच नव्हता. आमच्याकडं राजापुरी आहे की सेलम, यंदाची की गेल्या सालची, पुण्याला पार्सल पाठवायचं तर किती पडतात, यातलं काही नव्हतं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचाही पत्ता नाही. आणि लोक फोन करून नेमकं हेच विचारतात. तरी तुम्ही लिहू नका. लिहिलंत तर गिऱ्हाईक थेट ऑर्डर देईल, मग पार्सलं कोण बांधत बसणार? त्यापेक्षा 'कोल्हापुरातील सर्वोत्तम हळद', 'कराडमधील सर्वोत्तम हळद', 'इचलकरंजीतील सर्वोत्तम हळद' अशी गावाचं नाव बदलून चाळीस पानं घ्या. माझ्या चाळिसातलं एक 'सुरतमधील सर्वोत्तम मार्बल' निघालं, पण इतक्या कामात एखादं व्हायचंच. अशी घाऊक पानं पाडण्याविरुद्ध मार्च २०२४ पासून गूगलचा आणखी एक नियम आहे. नियम घरपट्टीचेही असतात.

लिंकांचं प्रकरण मला फार आवडलं. गूगल काढणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोघांची मूळ युक्ती आपल्या सोयरिकीच्या चौकशीसारखी होती. चार जाणती माणसं ज्या घराचं नाव घेतात ते घर बरं, आणि नाव घेणारा जितका वजनदार तितका त्याचा शब्द वजनदार. म्हणजे हळदीवर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेनं आपल्या पानावरून आमच्या दुकानाकडं बोट दाखवलं, तर त्याला मोल. मला पाचशे लिंका मिळाल्या. कुठल्या कुठल्या देशांतल्या जुगाराच्या साइटींवरून. सोयरिकीला मटक्याच्या अड्ड्यावरची पाचशे माणसं उभी करून "पोरगं लई गुणी हाय" असं वदवून घ्यावं, तसं. असल्या विकतच्या शब्दांवर एप्रिल २०१२ मध्ये गूगलनं आपल्या यंत्रातला पेंग्विन नावाचा पहारेकरी सोडला होता. सोडू दे. आपल्याकडं उन्हाळ्यात पेंग्विन टिकत नाही.

नकाशावर दुकानाची नोंद करणं फुकट असतं, त्यामुळं तिकडं कुणी लक्ष देत नाही, तुम्हीही देऊ नका. जवळपासचं दुकान शोधणाऱ्याला गूगल अंतर बघतो, माल जुळतो का बघतो, नाव किती झालंय ते बघतो. आमची खूण आयर्विन पुलाजवळ ऐन कृष्णेत होती. वेळ चोवीस तास. फोन बंद पडलेला लँडलाइन. खाली तासगावच्या मामांनी पाच तारे देऊन लिहिलेलं, 'भाचा चांगला आहे.'

हो, आणि डोमेन, म्हणजे साइटीचा पत्ता, एसइओवाल्यांच्याच नावावर राहू द्या. सातबारा शेजाऱ्याच्या नावावर आणि नांगरट आपली, यात एक मोठेपणा आहे.

गेल्या महिन्यात बहिणीचा मुलगा आला होता. त्यानं साइट उघडून बघितली. साइट ज्यावर बांधलीय त्या वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये एक चौकट असते: सर्च इंजिनांनी या साइटची नोंद घेऊ नये. बांधकाम चालू असताना तिच्यात खूण करतात आणि काम झालं की काढतात. आमची चौदा महिने तशीच होती. चौदा महिने बिल चालू, आणि दारावर आमचीच पाटी, गूगलनं आत येऊ नये.

पोरगं खूण काढायला निघालं. मी त्याचा हात धरला. ती आहे म्हणून तर पांढरी अक्षरं, साठ लेख आणि सुरतचं मार्बल अजून कुणाला दिसलेलं नाही.

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हंजे पैसं गेलं, पण अब्रू ऱ्हायली."