पंधराव्या वर्षाचं कपाट

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या जुन्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका मित्राने हुतात्मा चौकातला फोटो टाकला. फुटपाथवर मांडलेली पुस्तकं, वरच्या रांगेत सोनेरी मुकुट आणि तलवारी छापलेली जाडजूड इंग्रजी मुखपृष्ठं, आणि त्यांवर वाकलेल्या दोन-तीन मुली. खाली त्याने लिहिलं होतं, ज्या चौकात १९५५ साली मराठी राज्यासाठी लोकांनी गोळ्या झेलल्या, तिथे आज आपल्या पोरी परक्या राजकन्यांची प्रेमप्रकरणं विकत घेतायत. भराभर अंगठे आले. मी दिला नाही, कारण त्या रांगेतलं एक पुस्तक मी ओळखलं. मुलुंडला राहणाऱ्या माझ्या भाचीने ते तिथूनच घेतलंय, आणि इथे टोरांटोत माझ्या लेकीच्या उशाशीही तेच आहे.

पुस्तकाचं नाव सांगत नाही. त्या घाटाच्या कादंबऱ्या आता पुष्कळ निघतात आणि माझं म्हणणं एका पुस्तकाबद्दल नाही. गोष्ट अशी. राणीला जुळ्या मुली होतात. दोघींतली एक राज्य बुडवील असं भाकीत आहे, पण कोणती ते कुणालाच ठाऊक नाही. दाई धाकटीला टोपलीत घालून रातोरात सरहद्दीपार नेते. थोरली राजवाड्यात वाढते, धाकटी मिठागरांवर राबणाऱ्यांच्या वस्तीत. सोळाव्या वर्षी धाकटीच्या हातून नकळत जादू घडते, आणि त्याच दिवशी थोरलीची जादू आटते. मग शत्रूराज्याचा राजपुत्र येतो, एकीला दुसरी समजतो आणि प्रेमात पडतो.

मी ते दोन रात्रींत वाचून काढलं. आईने वाचावं म्हणून हातात घेतलं, तिसऱ्या प्रकरणानंतर वाचक म्हणूनच वाचत राहिले. राजपुत्र मला आवडला नाही. आधी अपमान करायचा आणि मग जखमेवर पट्टी बांधायची, याला प्रेम म्हणायला माझ्या मुलीने शिकू नये असं मला मनापासून वाटतं, आणि ते मी तिला बोललेही. पण ती ज्या पानावर रडली तिथे राजपुत्र नव्हताच. दोघी बहिणी पहिल्यांदा समोरासमोर येतात आणि एकमेकींशी काय बोलावं हेच त्यांना कळत नाही, कारण एकीला दरबारी भाषा येते आणि दुसरीला मिठागरांची. त्या पानावर माझी चौदा वर्षांची लेक रडली. त्याच रात्री तिच्या पंधरा वर्षांच्या मावसबहिणीने मुलुंडहून निरोप पाठवला की तीही तिथेच रडली. दोघी इंग्रजीतच बोलल्या.

इथे मला मित्राचं दुःख समजतं. ते खोटं नाही. मुंबईत मराठी शाळांचे वर्ग ओस पडताना आम्ही सगळ्यांनी पाहिलेत, आणि आमच्यातल्या बहुतेकांची मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, त्याचीही टोचणी त्या फोटोखाली होती. गेली दोन वर्षं मी घरचे वाद इथून रोज वाचते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या इथल्या मराठी मंडळात पेढे वाटले. २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, लोक रस्त्यावर आले, आणि जूनअखेर सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्या रात्री मी झोपले नाही, बातम्या बघत बसले. त्याआधी दुकानांच्या पाट्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हे सगळं हवंच होतं. पण या इतक्या वर्षांच्या भांडणात पहिलीतल्या मुलाबद्दल बोललं गेलं, पाटीबद्दल बोललं गेलं, दर्जाबद्दल बोललं गेलं. पंधरा वर्षांच्या मुलीने रात्री अकरा वाजता पांघरुणात शिरून मराठीत काय वाचायचं, हे कुणी विचारल्याचं मी वाचलेलं नाही. माझ्या मते भाषा तिथे हातची जाते.

इथली गोष्ट सांगते. आमच्या शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या १०० शाखा आहेत. लहान मुलांचा विभाग वेगळा, मोठ्यांचा वेगळा, आणि मधे किशोरवयीनांसाठी त्यांची त्यांची कपाटं. कॉलेज स्ट्रीटवरच्या शाखेच्या दाराशी पंख असलेला सिंह आणि गरुडमुखी सिंह असे दोन काशाचे पहारेकरी बसलेत, आणि वर विज्ञानकथा-अद्भुतकथांचा अख्खा संग्रह आहे. १९७० साली एका लेखिकेने स्वतःची पुस्तकं देऊन तो सुरू करून दिला. लेक सात वर्षांची असताना त्या सिंहांना हात लावायला हटकून थांबायची. आता ती थेट आत जाते. जुळ्या राजकन्यांचं पुस्तक तिने तिथूनच आणलं. असल्या गोष्टी वाचणं कमी दर्जाचं आहे, असं तिला त्या इमारतीत कुणी सुचवलंसुद्धा नाही.

इथे सगळं आलबेल आहे असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. अल्बर्टा प्रांताच्या सरकारने २०२५ मध्ये शाळांच्या ग्रंथालयांतून लैंगिक वर्णनाची पुस्तकं काढायला लावली, आणि एका शाळा मंडळाने यादी केली तर तीत दोनशेच्या वर पुस्तकं आली. शेजारच्या अमेरिकेत तर शाळांमधून पुस्तकं हटवण्याच्या नोंदी २०२३-२४ या एका शालेय वर्षात दहा हजारांवर गेल्या, आणि अद्भुत प्रेमकथा त्यांत ठळक आहेत. पालक म्हणून मला त्यातली भीती कळते. मोठ्यांसाठी लिहिलेली पुस्तकं किशोरांच्या मुखपृष्ठात येतात हे मी पाहिलंय. पण उपाय म्हणून पुस्तक उचलून नेणं मला पटत नाही. शेजारी बसून वाचावं आणि बोलावं, त्याला दोन रात्रींपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

खरी तुलना करायची तर क्वेबेकशी, कॅनडातल्याच फ्रेंचभाषक प्रांताशी करावी. लोकसंख्या नव्वद लाखांच्या आसपास, चहूकडून इंग्रजीचा समुद्र. त्यांनीही १९७७ साली फ्रेंच भाषेची सनद केली, पाट्यांचा कायदा केला, त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. आपल्याकडचे लोक तेवढंच उदाहरण देतात. पण त्याच क्वेबेकात २००२ साली आन रोबिलार नावाच्या लेखिकेची पाचूच्या सरदारांची अद्भुत कादंबरी फ्रेंचमध्ये आली, तिचे बारा भाग झाले आणि प्रती दहा लाखांच्या पुढे गेल्या. राजे, राण्या, जादू, प्रेम, सगळं होतं त्यात, आणि तिथली शाळकरी मुलं पुढच्या भागाची वाट बघत होती, स्वतःच्या भाषेत. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींवर आहेत. आपल्याला हे का जमू नये, याचं उत्तर मला कुणीतरी द्यावं.

'हे आपलं नाहीच' हे उत्तर मला चालणार नाही. मी ठाकूरद्वारच्या चाळीत चांदोबातल्या राजकन्यांवर वाढले. ते मासिक निघायचं मद्रासहून, अनेक भाषांतून एकदम. त्यातल्या राजकन्यांना कुणी परक्या म्हटलं नाही, कारण त्या आमच्याशी मराठीत बोलायच्या. मराठी कादंबरीच मुळात अशा गोष्टींवर वाढली. १८६१ साली हळब्यांची मुक्तामाला आली, मग पुढची काही दशकं हरवलेल्या नायिका, कपटी कारस्थानं आणि अखेरच्या पानावरची भेट यांचंच राज्य होतं. १८८५ मध्ये हरिभाऊ आपट्यांनी वळण दिलं आणि कादंबरी माजघरातल्या खऱ्या बायांकडे वळली. ते फार थोर काम झालं. पण तेव्हापासून 'अद्भुतरम्य' हा शब्द आपल्या समीक्षेत जवळजवळ दोषासारखा वापरला जातो, आणि त्याची किंमत पंधरा वर्षांच्या मुली मोजतायत.

नाताळच्या सुट्टीत आम्ही आलो होतो तेव्हा दोघींना घेऊन मी दादरला एका जुन्या दुकानात गेले. म्हटलं, यांच्या वयाचं काहीतरी दाखवा, मोठी गोष्ट, चारशे पानांची, राजकन्या वगैरे. त्या गृहस्थांनी आपुलकीने सांगितलं, "बालसाहित्य त्या भिंतीला आहे ताई, कादंबऱ्या या बाजूला." भिंतीला पऱ्यांची चित्रमय पुस्तकं, जी त्यांनी आठव्या वर्षीच टाकली. या बाजूला शिवकाल, मृत्युंजयी योद्धे, स्त्रीचं दुःख. बालभारती १९७१ पासून 'किशोर' काढते हे मोठंच काम आहे, आणि शोधलं तर किशोर कादंबऱ्याही मिळतात. पण शोधाव्या लागतात, आणि पंधरा वर्षांची मुलगी मराठी पुस्तक शोधत फिरणार नाही. इंग्रजी पुस्तक फुटपाथवर तिच्या पायाशी येऊन पडतं. भाचीने अर्धा तास मनापासून चाळलं आणि रिकाम्या हाताने बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर जी लाज होती, ती तिची नव्हती.

हे सगळं मी त्या गटावर लिहिणार होते, पण त्या रविवारी दुसरंच घडलं. आमची सकाळ, मुलुंडची संध्याकाळ. आईने फोनवर नातीला विचारलं, "काय गं एवढं वाचत असता दोघी? मला सांग की." लेकीने मराठीतून सांगायला घेतलं. माझ्या पोटात गोळा आला, कारण तिचं मराठी मंडळाच्या रविवारच्या शाळेत बाराव्या वर्षी थांबलंय. ट्विन म्हणाली, आजीने सांगितलं, जुळ्या. क्राउनला मुकुट मिळाला, प्रॉफेसीला भाकीत. बाळाला लपवून नेलं याला ती 'चोरलं' म्हणाली, तर आई म्हणाली, "चोरलं नाही बाळा, वाचवलं. फरक आहे." पलीकडून भाची मधेच अडलेलं वाक्य पूर्ण करत होती. पाऊण तास चाललं. इतकं सलग मराठी माझी लेक आयुष्यात बोलली नव्हती.

शेवटी आई म्हणाली, "ही तर सत्यवतीची गोष्ट." आणि सांगू लागली. आदिपर्वात आहे ती. मासळीच्या पोटी कोळ्यांना जुळं सापडतं, एक मुलगा, एक मुलगी. कोळी दोघांना राजा उपरिचराकडे नेतात, कारण पोरं त्याचीच. राजा मुलाला ठेवून घेतो, तो पुढे मत्स्य देशाचा राजा होतो. मुलीच्या अंगाला मासळीचा वास, म्हणून ती कोळ्याला देऊन टाकतो. ती होडी चालवते, आणि पुढे हस्तिनापूरची राणी होते.

फोनवर दोघी गप्प झाल्या. मग भाचीने विचारलं, "आजी, ती भावाला कधी भेटली का?"

आई विचारात पडली. "भेटल्याचं काही मी ऐकलं नाही गं."

"कुणी लिहिलं का नाही ते?"

परवा भाचीने वहीची पहिली तीन पानं पाठवली, मराठीत, हाताने लिहिलेली. सत्यवतीचा भाऊ त्यात बहीण झालाय, आणि कोळीवाडा वरळीचा आहे. माझी लेक इथून सुचवते, अडलेला शब्द आजीला विचारते. राजाने मुलीला देऊन टाकलं तो प्रसंग दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलाय. प्रेमाचं प्रकरण अजून यायचंय, आणि नायक कसा असावा यावरून दोघींचं जोरात भांडण चालू आहे.