खुलासा : ॲडॅप्टरने वीज वाढत नाही

अमेरिकेत मोटरहोम (राहायची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेणाऱ्या आपल्या मंडळींत एक निरोप फिरतोय: '५० अँपची गाडी मुक्कामाच्या जागेवरच्या ३० अँपच्या वीजखांबाला ॲडॅप्टरने जोडा, दोन्ही एसी बिनधास्त चालवा.' हे चूक आहे.

ॲडॅप्टर फक्त प्लगचा आकार जुळवतो. ३० अँपच्या जोडणीत १२० व्होल्टची फेजची (वीज आणणारी) तार एकच असते, म्हणजे जास्तीत जास्त ३,६०० वॅट. ५० अँपच्या जोडणीत अशा दोन तारा, प्रत्येकी ५० अँपच्या. एकूण १२,००० वॅट. आकड्यांत फरक वीसचा दिसतो, प्रत्यक्षात तिपटीहून जास्त आहे. घोटाळा इथेच होतो.

३० अँपच्या जोडणीवर तासन् तास चालणारा भार तर २४ अँपच्या आतच ठेवावा. एक एसी साधारण १२ ते १५ अँप घेतो. त्यात मायक्रोवेव्ह किंवा विजेवरचा गीझर लागला की ब्रेकर पडलाच समजा. गीझर आणि फ्रिज गॅसवर चालणारे असतील तर गॅसवर टाका, एसी एकच लावा. कुकर किंवा इन्स्टंट पॉट लावायचा असेल तेव्हा तो एसीही थोडा वेळ बंद ठेवा. ब्रेकर सारखा पडत असेल तर तो पुन्हापुन्हा वर करू नका. प्लगला हात लावून पाहा, गरम लागला तर भार लगेच कमी करा.