बागेत बिबट्या दिसला? आधी ती जागा मोजा

मोठ्या शहरी उद्यानात ‘बिबट्या दिसला’ असा अंधुक व्हिडिओ फिरू लागला की निम्मे लोक पिंजरा मागतात आणि निम्मे ‘मांजर असेल’ म्हणून विषय सोडून देतात. मला दोन्ही पटत नाही. जनावर कोणतं होतं हे पहिल्या एक-दोन दिवसांत बरंचसं ठरवता येतं. त्यासाठी जागेवर जाऊन मोजमाप करावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

अफवा खरी निघू शकते. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये २०१२ साली ट्रॅप कॅमेऱ्यात, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात, प्यूमा (अमेरिकेतलं मांजरकुळातलं मोठं जनावर) टिपला गेला. पी-२२ नावाने ओळखला जाणारा हा नर महामार्गांनी वेढलेल्या त्या भागात दहा वर्षं राहिला. उलट जुलै २०२३ मध्ये बर्लिनजवळच्या क्लाइनमाखनोव इथे रात्रीच्या एका व्हिडिओवरून ‘सिंहीण’ शोधायला मोठा पोलीस फौजफाटा आणि हेलिकॉप्टर निघालं. ते रानडुक्कर असल्याचा निष्कर्ष शेवटी निघाला. कमानीसारखी पाठ आणि जाड पाय व्हिडिओत आधीपासून दिसत होतेच.

घोळ बहुतेक वेळा आकाराचा असतो. मोकळ्या हिरवळीवर झूम करून काढलेल्या फोटोत तुलनेला शेजारी काहीच नसतं. पाळीव मांजराची खांद्यापाशी उंची साधारण २५ सेंटीमीटर, रानमांजराची ३५ ते ४० आणि मोठ्या बिबट्याची ६० ते ७०. हा फरक नजरेला कळत नसला तरी काठीला कळतो. ज्याने फोटो काढला त्यालाच घेऊन दिवसाउजेडी तिथे जायचं. दर १० सेंटीमीटरवर रंगाचा पट्टा मारलेली मीटरभर काठी जनावर उभं होतं तिथे रोवायची आणि त्याच फोनने, तितक्याच झूमवर, त्याच जागेवरून फोटो घ्यायचा. दोन्ही फोटोंतला बाक, झाड किंवा दिव्याचा खांब जुळवून एकावर एक ठेवले की उंची वाचता येते. काठी कॅमेऱ्याच्या जास्त जवळ रोवली गेली तर जनावर आहे त्यापेक्षा लहान ठरतं, लांब गेली तर मोठं. जागेची खात्री नसेल तर मीटरभर पुढे-मागे ठेवून तीन फोटो काढावेत आणि उत्तर ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असंच द्यावं.

मग शेपूट बघा. बिबट्याचं लांब असतं. रानमांजराचं आखूड, टोकाशी काळी वलयं असलेलं. डोळ्यांच्या चमकेवर मात्र जाऊ नका, ते कुत्र्याचे आणि हरणाचेही चमकतात.

ठशांबाबत ‘नखं उमटली तर कुत्रा’ हा नियम अर्धाच खरा आहे. कडक मातीत कुत्र्याची नखं उमटतीलच असं नाही, आणि निसरड्या चिखलात मांजरकुळातलं जनावरही नखं रोवतं. तळव्याची गादी जास्त भरवशाची. मांजरकुळात तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतात आणि मधल्या दोन बोटांपैकी एक किंचित पुढे असतं. कुत्र्याची मधली दोन्ही बोटं बरोबरीने पुढे येतात. पाळीव मांजराचा ठसा साधारण ३ सेंटीमीटर रुंद, मोठ्या बिबट्याचा ७ किंवा त्याहून जास्त. पण ओल्या चिखलात पंजा पसरतो, वाळताना कडा ढासळतात आणि ठसा फुगतो. त्यामुळे एकाच ठशावर निकाल देऊ नये, ओळीने चार-पाच मोजावेत. शेजारी पट्टी ठेवून बरोबर वरून, सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढावा आणि ठसा पालथ्या बादलीखाली झाकावा. साचा घ्यायचा तर दोन भाग प्लास्टर ऑफ पॅरिस, एक भाग पाणी. भोवती पुठ्ठ्याचं कडं. मिश्रण थेट ठशावर ओतलं तर बारकावे मोडतात, कडेला ओतून आत वाहू द्यावं. अर्ध्या तासाने उचलावा, धुवावा मात्र दुसऱ्या दिवशी.

ट्रॅप कॅमेरा जमिनीपासून ४० सेंटीमीटरच्या आसपास, पायवाटेपासून तीन-चार मीटरवर बांधावा. उगवतीकडे किंवा मावळतीकडे तोंड नको. समोरचं गवत कापलं नाही तर वाऱ्याने हलणाऱ्या पात्यांचेच फोटो भरतात. सेन्सर जनावर आणि परिसर यांच्या तापमानातला फरक ओळखतो, म्हणून तापलेल्या दुपारी काही टिपलं गेलं नाही याचा अर्थ काही गेलंच नाही असा होत नाही.

हाडं, कातडी सापडली तरी थांबून विचार करावा. १९९५ मध्ये इंग्लंडच्या बॉडमिन मूरजवळ नदीत बिबट्याची खरी कवटी मिळाली. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमला तिच्यात उष्णकटिबंधीय झुरळाच्या अंड्यांचं कवच सापडलं. म्हणजे कवटी बाहेरून आलेली होती, बहुधा कातड्याच्या गालिच्यासोबत.

आणि बिबट्याच निघाला तर? तरीही ‘पकडून लांब सोडा’ हा उपाय मला धोक्याचा वाटतो. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जुन्नरच्या अनुभवावरून मांडलं की बिबटे उचलून दुसरीकडे सोडल्यावर माणसांवरचे हल्ले वाढले. त्याआधी करण्यासारखं बरंच आहे: अंधार पडताच फाटकं बंद करणं, भटक्या कुत्र्यांना जमवणारा उघडा कचरा उचलणं, पायवाटेकडेची झुडपं छाटणं, पाळीव कुत्र्यांना दोरी सक्तीची करणं. समोर आलाच तर पळू नये, वाकू नये, मुलाला उचलून घ्यावं आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरावं.

वन खात्याला कळवताना व्हिडिओची मूळ फाइल द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली प्रत दाबली जाते, तिच्यातली वेळ आणि ठिकाणाची नोंदही सहसा गळून पडते.