तेल सुधारतं, पण घटतंही

झिओलाइट (बारीक छिद्रांचा, खनिजासारखा उत्प्रेरक) वापरला की लाकडाच्या भुश्शापासून थेट इंधन मिळतं, असं सांगणाऱ्या एका लेखावरची ही माझी प्रतिक्रिया. दिशा बरोबर आहे, पण एक मोठी बाजू राहून गेली.

हवेशिवाय साधारण ५०० अंश सेल्सिअसला लाकूड झटपट तापवलं की वजनाच्या ६०-७० टक्के तेल मिळू शकतं. पण ते कसं? काळपट तपकिरी, धुराचा आणि व्हिनेगरसारखा उग्र वास मारणारं, सामू (पीएच) २-३ म्हणजे चांगलंच आम्लधर्मी, त्यात पाणीच १५ ते ३० टक्के. बाटलीत काही महिने ठेवलं तर घट्ट होत जातं. हे गाडीत घालता येत नाही.

म्हणून झिओलाइट लागतो. झेडएसएम-५ हा त्यातलाच एक प्रकार, तो तापलेल्या लाकडातून निघणाऱ्या वाफांमधला ऑक्सिजन पाणी, कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायॉक्साइडच्या रूपात काढतो. म्हणजे ऑक्सिजनबरोबर इंधनात यायला हवा तो कार्बनही जातो आणि तेल घटतं, शिवाय छिद्रांत कोक (कोळशासारखा कार्बनचा थर) साचतो. कॉस्टिक सोड्याने झिओलाइटमधली थोडी सिलिका काढून मोठी छिद्रं पाडणं किंवा त्यात गॅलियम हा धातू बसवणं, ही सगळी खटपट हा तोटा कमी करण्यासाठीच. कोक जाळून टाकता येतो; लाकडाच्या राखेतलं पोटॅशियम मात्र जळत नाही, ते आम्लकेंद्रांवर, म्हणजे उत्प्रेरकाच्या काम करणाऱ्या जागांवर, ठाण मांडून बसतं. माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

अमेरिकेत मिसिसिपीतल्या कोलंबसला किऑर कंपनीने पाइनच्या लाकडापासून उत्प्रेरक वापरून इंधन बनवायचा कारखाना उभारला. २०१४ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली.

लेखाच्या पुढच्या भागात लाकडाच्या टनामागे किती लिटर इंधन मिळालं, आणि उत्प्रेरक किती फेऱ्या टिकला, हे आकडे जरूर द्या.